हार्प गिटार : चुकांतून जुळणारा सूर

नेहमीच्या गिटारच्या सहा तारांना, बोटांनी न दाबता मोकळ्याच छेडायच्या खर्जाच्या तारांची जोड दिली की हार्प गिटार तयार होते. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकागोच्या लार्सन बंधूंनी घडविलेली अशी वाद्ये आजही नमुना मानली जातात.

वाढीव तारांचा ताण हीच हाताने वाद्य घडविणाऱ्याची खरी कसोटी. वरची फळी जाड ठेवली, तर आवाज दबतो. फार पातळ केली, तर ती घोडीमागे फुगते आणि घोडी उखडू लागते. दोन्ही चुका तारा चढविल्यावरच उघड होतात. तोवर सांधे पक्के झालेले असतात. म्हणूनच फळीची जाडी, आतील पट्ट्यांची मापे आणि लाकडातील ओलावा नोंदवून ठेवणे हिताचे. पहिले वाद्य फसले, तरी या नोंदी दुसऱ्याला तारतात.