जोशी, गणेश वासुदेव (सार्वजनिक काका)

जोशी, गणेश वासुदेव : (१८२८–२५ जुलै १८८०). पुण्यातील एक नामवंत वकील, पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि स्वदेशीचे आद्य पुरस्कर्ते. ‘सार्वजनिक काका’ या नावाने ते महाराष्ट्रात ओळखले जातात. त्यांचा जन्म सातारा येथे झाला. १८४८ च्या सुमारास ते पुण्यास आले. तेथे काही काळ त्यांनी न्यायखात्यात नोकरी केली. ती सुटल्यावर १८६५ मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

ते बॅरिस्टर नव्हते. हा भेद त्या काळी महत्त्वाचा होता. विलायतेत शिकून आलेले बॅरिस्टर मुख्यतः मुंबईच्या उच्च न्यायालयात काम चालवीत. जिल्हा व तालुका न्यायालयांतील कामे सनदी वकिलांकडे असत. मुंबईस कायद्याच्या एखाद्या शाखेपुरती वकिली करणे शक्य होते. पुण्यात ते शक्य नव्हते. सकाळी कर्जरोख्याचा दावा, दुपारी वतनाचा तंटा व दुसऱ्या दिवशी फौजदारी खटला, असे जिल्ह्याच्या वकिलाचे काम असे. काकांच्या पुढील कार्यात व्यापारी व्यवहार, सार्वजनिक हक्क आणि फौजदारी बचाव ही तिन्ही क्षेत्रे एकत्र आलेली दिसतात, त्याचे मूळ काही अंशी या परिस्थितीत आहे.

सार्वजनिक सभेचा उगम पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषात आहे. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली. तिच्या घटनेवर वकिलाच्या हाताची खूण स्पष्ट आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तिचा नियम होता. प्रारंभी सुमारे सहा हजार लोकांचे मुखत्यारपत्र घेतलेले ९५ प्रतिनिधी सभेत होते. अशील जसा वकिलास वकीलपत्र देतो, तसे रयतेने प्रतिनिधीस अधिकारपत्र द्यावे, ही यामागील कल्पना. मतदानाचा हक्क कोणासच नव्हता त्या काळात ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ या सरकारी प्रश्नाला एवढे नेमके उत्तर दुसऱ्या कोणत्याही भारतीय संस्थेने क्वचितच दिले असेल. औंधचे श्रीनिवासराव परशुराम पंतप्रतिनिधी हे सभेचे पहिले अध्यक्ष होते. १८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. तेव्हापासून सभेच्या विचारांची बाजू प्रामुख्याने रानडे यांनी व संघटनेची बाजू काकांनी सांभाळली.

सभेच्या कामाचा मोठा भाग शेतसाऱ्याशी संबंधित होता. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत फेरपाहणीनंतर साऱ्याचे दर बरेच वाढले. त्यांत इंदापूर, भीमथडी (आजचे दौंड व बारामती तालुके साधारणतः या भागात येतात) व शिरूरकडील पाबळचा मुलूख मोडत होता. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी उपसमिती नेमली व तक्रारी सरकारपुढे मांडल्या. १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली. ती तालुक्यावर शेकडा ३३, गावावर शेकडा ६६ आणि एका खातेदारावर शेकडा १०० यांहून अधिक असू नये, असे ठरले. मात्र साऱ्यात मिळालेल्या सवलतीने सावकाराचे देणे कमी होत नव्हते.

येथे त्या काळच्या दिवाणी कायद्याचा परिणाम समजून घेणे आवश्यक आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता; परंतु मुदत संपण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले. मुद्दलाइतक्याच व्याजाची मर्यादा घालणारा दामदुपटीचा जुना नियम त्यामुळे निष्फळ झाला, कारण प्रत्येक नव्या रोख्यात मागचे व्याजच मुद्दल बनत असे. न्यायालये रोख्यावरील सही किंवा अंगठा पाहत. त्यामागचा हिशेब पाहत नसत. बहुतेक कुळे न्यायालयात हजरही राहत नसत आणि हुकूमनामे एकतर्फी होत.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला व त्यांचे घर पाडण्यास सुरुवात केली. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगल उसळली. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावात जीवितहानीपेक्षा कागदपत्रांच्या होळीवरच लोकांचा भर होता. सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले, तर पुष्कळदा त्याला इजा होत नसे. लोकांचा राग व्यक्तीपेक्षा दस्तऐवजावर होता, ही गोष्ट कायद्याच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

याच सुमारास पुण्यात सभेच्या प्रेरणेने लवाद न्यायालय स्थापन झाले. उभय पक्षांच्या संमतीने, स्टँप व वकिलीचा खर्च टाळून, तंटे मिटविणे हा त्याचा हेतू होता. वकिली करणाऱ्या माणसाने न्यायालयाबाहेर तंटे मिटविण्याचा मार्ग काढावा, हे त्याच्या स्वतःच्या मिळकतीच्या विरुद्धच होते. स्वदेशीच्या बाबतीतही काकांनी हाच मार्ग धरला. १८७२ मध्ये त्यांनी हाताने विणलेली खादी वापरण्याचे व्रत घेतले. देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढून शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या यांसारख्या वस्तूंच्या उत्पादनास त्यांनी चालना दिली व त्यांत पदरचा बराच पैसा घातला. १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून ते खादीच्या पोशाखात उपस्थित राहिले.

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांस विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप झाला, तेव्हा सभेने महाराजांची बाजू उचलून धरली. १८७५ च्या चौकशी आयोगापुढे इंग्लंडहून आलेले सार्जंट बॅलंटाइन यांनी बचाव केला. आयोगाचे तीन युरोपीय व तीन भारतीय सदस्य समसमान विभागले गेले. तरीही कुशासनाचे कारण देऊन महाराजांना पदच्युत करण्यात आले.

काकांच्या वकिलीतील सर्वांत गाजलेला खटला वासुदेव बळवंत फडके यांचा होय. फडके पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते आणि रानडे व काका यांच्या स्वदेशीवरील व्याख्यानांचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. १८७६–७७ च्या दुष्काळाने व्यथित होऊन त्यांनी रामोश्यांची टोळी उभारली. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी गावावर त्यांनी पहिला दरोडा घातला व त्यात सुमारे चारशे रुपये मिळाले. चार वर्षांपूर्वी ज्या मुलखात रोखे जळाले, त्याच मुलखात हा घाला पडला. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले. राजाविरुद्ध युद्धाचा कट, राजद्रोह आणि दरोडा असे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले.

हे वकीलपत्र घेणे धोक्याचे होते. मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या होत्या. पुण्यातील सुशिक्षित पुढाऱ्यांवर सरकारचा संशय होता आणि रानडे यांची धुळ्यास बदली झाली होती. अशा वेळी सत्र न्यायालयात काका आरोपीच्या बाजूने उभे राहिले. अर्जविनंत्यांच्या मार्गाने जाणाऱ्या सभेच्या धोरणाशी फडके यांचा मार्ग जुळणारा नव्हता. परंतु आरोपीचा मार्ग पटणे ही बचावाची अट नसते, हे काकांनी कृतीने दाखविले. फडके यांनी स्वहस्ते लिहिलेले आत्मचरित्र व रोजनिशी सरकारच्या हाती लागली होती. स्वतःच्या हस्ताक्षराचा असा पुरावा असता बचावास फारसा वाव उरला नव्हता. नोव्हेंबर १८७९ मध्ये फडके यांस जन्मठेपेची शिक्षा झाली व उच्च न्यायालयातही ती कायम राहिली. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम (१८७९ चा १७ वा) मंजूर झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना तो लागू होता. न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ हिशेब तपासावा, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैदेत टाकू नये, खास गहाण नसलेली जमीन जप्त करू नये आणि दाव्यापूर्वी समेटकर्त्याकडे जावे, अशा त्यात तरतुदी होत्या. यांतील समेटाची तरतूद लवाद न्यायालयाच्या कल्पनेस जवळची आहे; मात्र ती सक्तीची असल्याने पुष्कळ ठिकाणी केवळ दाखला मिळविण्याची औपचारिकता बनली. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्यासाठी १८८१ मध्ये रानडे यांची साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली.

काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्री विचारवती सभा चालविली. काकांच्या मृत्यूनंतर सार्वजनिक सभेचे काम चालू राहिले. १८९५ मध्ये ती टिळकपक्षाच्या ताब्यात गेली आणि रानडे व गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा ही निराळी संस्था काढली.