धूर नाही, म्हणून विस्तव नाही?

माझ्या नावामागे डॉक्टर आहे, पण ते तत्त्वज्ञानातलं. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. तरी दम्यावर बोलतोय, कारण ४० वर्षं तो माझ्यासोबत आहे, आणि त्यातली बरीच वर्षं मी एका साध्या तर्कदोषात घालवली.

न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण घ्या. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, हे चूक. नैयायिक लगेच तापलेला लोखंडाचा गोळा दाखवतात. अग्नी आहे, धूर नाही. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. आणि घरी? दोन महिने धाप लागली नाही, की दमा गेला म्हणून पंप कपाटात!

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा, काही निमित्त झालं की भोवतीचे स्नायू आवळतात आणि छातीत शिट्ट्या वाजतात. शिट्टी म्हणजे धूर, सूज म्हणजे अग्नी. शिट्टी थांबली तरी सूज राहू शकते.

म्हणून औषधंही दोन तऱ्हेची. साल्ब्युटामॉल स्नायू काही मिनिटांत सैल करतं, सूज मात्र तशीच राहते. सूज उतरवतं ते श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड, आणि ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं, बरं वाटत असतानाही घ्यायचं. मी नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवत होतो. मोठ्या माणसांनी तसं करू नये, हे दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून स्पष्ट सांगितलेलं आहे.

'पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी,' असं लोक म्हणतात. हिशेब करू या. साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, पंपाचा एक झोत १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत ४० झोतांचं औषध! पंपातलं थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोडं पुरतं. आणि चष्म्याला आपण कुठे 'सवय' म्हणतो?

एका दिवाळीत फटाक्यांच्या धुराने रात्री मला वाक्य पुरं करता येईना. दवाखान्यात नेलं. बरं वाटल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सर, पर्वती शेवटची कधी चढलात?" मला आठवेना. आपण एकेक जिना सोडत जातो आणि त्याला वय म्हणतो!

मग नियम बांधून घेतला. सूज उतरवणारं औषध रोज, स्पेसर लावून, नंतर चूळ भरायची. चालायला निघालो की पहिली दहा मिनिटं संथ. थंडीत नाकातोंडावर मफलर. झटपट आराम देणारा पंप खिशात. चालताना बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर वेग कमी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आता दोनदा थांबून चढतो.

एक मात्र विसरू नका. पंप घेऊनही आराम पडत नसेल, वाक्य तुटत असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर वाट बघू नका. तडक रुग्णालय गाठा.

आज घरी गेलात की एक यादी करा: दम्यापायी मी काय काय सोडून दिलं? पुढच्या खेपेला डॉक्टरांना धाप किती लागते एवढंच सांगू नका, ती यादीही दाखवा.