घरात मांजर अन् लहान लेकरू दोन्ही आहे? मग हे वाचाच

धाराशिव : सोयाबीनची रास झाली की पोती घरात येतात. पोत्यांमागं उंदीर येतात आणि उंदरांमागं साप. त्यामुळं आपल्याकडं मांजर कुणी विकत आणत नाही, ते आपोआप घरचं होऊन जातं. पण त्याच घरात तीन-चार वर्षांचं लेकरू असलं की त्याला मांजर म्हणजे खेळणं वाटतं. शेपूट ओढ, मान धरून उचल, पिल्लू पिशवीत घाल, हे सुरू होतं.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याचं असंच झालं. पोरगं पहिलीत. मांजरीला चार दिवसांची पिल्लं होती, त्यातलं एक उचलून हा पळाला. मांजरीनं हातावर ओरखडलं, रक्त आलं. आपल्याला मार बसंल म्हणून यानं दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी आजीनं पाहिलं आणि हळद लावली. मला कळलं तसं गाडीवर बसवून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पोरगं आज ठणठणीत आहे, पण ते दोन दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो. रेबीज फक्त कुत्र्यामुळं होतो, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. तो मांजरामुळंही होतो आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

यात चूक मांजरीची नव्हती आणि लेकराचीही नव्हती. त्याला कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं.

मांजर काय सांगतंय, ते लेकराला दाखवा

मांजराला बोलता येत नाही, पण त्याचं अंग बोलतं. मांजर समोर असताना लेकराला जवळ बसवून एकेक गोष्ट दाखवा.

- शेपूट सरळ वर करून जवळ आलं, पायाला अंग घासलं : खुशीत आहे.
- तुमच्याकडं बघून हळूच डोळे मिटतं-उघडतं : भरवसा आहे.
- बसल्या जागी शेपूट जोरात इकडं-तिकडं आपटतं : वैतागलंय, हात काढून घ्या.
- कान मागं चिकटवले, केस फुलवले, फिसकारलं : भ्यालंय. पुढं जायचं नाही, सावकाश मागं सरायचं.
- पाठीवर लोळून पोट दाखवलं : पोटाला हात लावा, असा त्याचा अर्थ नाही. बहुतेक मांजरं तिथं हात लावू देत नाहीत.

लेकरासाठी चार नियम

एक, आपण मांजराकडं जायचं नाही. खाली बसायचं, बोट पुढं करायचं, ते येऊन वास घेईल. दोन, डोक्यावरून, गालावरून, कानामागून हळू हात फिरवायचा. शेपूट आणि पाय धरायचे नाहीत. तीन, खाताना, झोपताना आणि पिल्लांजवळ असताना त्याला शिवायचं नाही. चार, हात लावून झाला की साबणानं हात धुवायचे.

पिल्लांचे डोळे सात ते दहा दिवसांनी उघडतात. तोवर त्यांना मांजरीवरच सोडा. तिला धोका वाटला की ती पिल्लं तोंडात धरून जागा बदलते. पुढं दोन ते सात आठवड्यांच्या काळात मोठ्या माणसानं जवळ बसून लेकराला रोज थोडा वेळ पिल्लं हाताळू द्यावीत. अशी पिल्लं माणसाला भीत नाहीत आणि मोठेपणी कमी ओरखडतात.

खायला काय, आणि काय नाही

मांजर हा मांस खाणारा प्राणी आहे. नुसत्या दूध-भाकरीवर त्याचं भागत नाही. मोठ्या मांजराला दुधानं बऱ्याचदा हगवण लागते. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं मटण किंवा मासे आणि रोज ताजं पाणी द्या. कांदा-लसणाचा रस्सा देऊ नका. तापाची पॅरासिटामॉल गोळी मांजराला विषासारखी आहे. जनावरांवर मारायचं गोचिडाचं औषध मांजराच्या अंगावर कधीच लावू नका, त्यानं मांजरं दगावतात. घरात उंदराचं औषध ठेवलं असंल तर मेलेले उंदीर लगेच खोल पुरा. ते औषध लेकराच्या हाती लागू नये, हे तर आलंच.

मांजराची घाण गरोदर बाईनं काढू नये. त्यातून होणारा संसर्ग पोटातल्या बाळाला बाधू शकतो. ते काम घरातल्या दुसऱ्यानं करावं.

चावलं किंवा ओरखडलं तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका, घट्ट बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथं मोफत मिळते. दंडावर कातडीत देतात ती लस सुरुवातीच्या दिवशी आणि नंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. रक्त आलं असंल तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतात. 'मांजर घरचंच आहे, दहा दिवस बघू' म्हणून थांबू नका. मांजरावर लक्ष ठेवा, पण लस लगेच सुरू करा. मांजरालाही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून रेबीजची लस टोचून घ्या.

आणि आज रात्री जेवताना लेकराला एवढं नक्की सांगा : "मांजरानं ओरखडलं तर पळत येऊन मला सांग. मी रागावणार नाही." माझ्या पुतण्याला आम्ही हे आधी सांगितलं असतं तर दोन दिवस वाया गेले नसते. आता मांजराच्या वाटीत रोज सकाळी पाणी तोच भरतो, आणि पिल्लांजवळ जायच्या आधी आजीला विचारतो.