अभ्यंगासाठी प्रथमच येणारा रुग्ण : त्यास आधी काय सांगावे?

पंचकर्म कक्ष असलेल्या आपल्या चिकित्सालयांतून सर्वाधिक केले जाणारे कर्म म्हणजे अभ्यंग, आणि रुग्णाशी ज्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते तेही अभ्यंगच. वमनाच्या रुग्णास आपण आदल्या दिवशीचा आहार, वेगांची संख्या, पुढील संसर्जनक्रम असे सारे समजावून सांगतो. अभ्यंगाच्या रुग्णाच्या कागदावर मात्र ‘सर्वांग अभ्यंग, स्वेदन – ७ दिवस’ इतके लिहून मोकळे होतो. तेल लावण्यात समजावून सांगण्यासारखे काय आहे, असा त्यामागील समज असतो. प्रस्तुत लेखकाचाही बरीच वर्षे तोच समज होता.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील माझ्या चिकित्सालयात पन्नाशीच्या एक शेतकरी बाई कंबरेपासून डाव्या पायात उतरणाऱ्या वेदनेसाठी आल्या. गृध्रसीची लक्षणे स्पष्ट होती. अभ्यंग, नाडीस्वेद आणि पुढे बस्ती असा क्रम ठरविला. पहिल्याच दिवशी त्या अभ्यंगकक्षात गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन, पैसे टेबलावर ठेवून, काही न बोलता निघून गेल्या. साडी सोडावयास सांगताच बाई उठल्या, असे परिचारिकेकडून कळले. मी केसपेपरवर ‘रुग्णाचे सहकार्य नाही’ अशी नोंद केली आणि विषय संपविला.

दोन वर्षांनी त्या नातवाला खोकल्यासाठी घेऊन आल्या, तेव्हा पाय ओढत चालत होत्या. मधल्या काळात परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्याने पोटात आग पडण्याचा त्रासही मागे लागला होता. तेव्हा उपचार अर्धवट का सोडलेत, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तुम्ही तेल लावायचं म्हणालात. मला वाटलं, कमरंला लावत्याल. समदी साडी सोडायची हे कुणी बोललंच न्हाई. आन् मालक भाईर बसल्यालं.”

केसपेपरवरील ती नोंद चुकीची होती. सहकार्य नाकारले असेल तर ते मी नाकारले होते.

रुग्ण येताना मनात काय घेऊन येतो?

मराठी घरातील माणसास तेल लावून घेणे नवीन नाही, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. कोणास नरकचतुर्दशीचे पहाटेचे अभ्यंगस्नान आणि उटणे आठवते. कोणी बाळंतिणीची शेक-शेगडी पाहिलेली असते. कोल्हापूर-सांगलीकडील मनुष्य तालमीत मल्लांना रगडताना पाहत वाढलेला असतो. अंग मोडून निघाले नाही तर त्यास पैसे वाया गेल्यासारखे वाटते. पुण्या-मुंबईच्या तरुणांपुढे मंद दिवे आणि फुलांच्या पाकळ्यांची जाहिरात असते. ही सर्व मंडळी आपल्याकडे ‘मालिश’ हा एकच शब्द घेऊन येतात आणि प्रत्येकाची अपेक्षा निराळी असते.

म्हणून पहिले वाक्य दाबासंबंधी असावे. अभ्यंग हे मर्दन नव्हे. रोमांच्या दिशेने, म्हणजे अनुलोम, समगतीने व सुखावह दाबाने तेल जिरविणे हा त्याचा गाभा आहे. प्रतिलोम व जोरकस घर्षण हे उद्वर्तनाचे क्षेत्र असून त्याचे प्रयोजन कफ-मेदाचे विलयन हे आहे. चरकाचार्यांनी ‘मात्राशितीय’ अध्यायात स्नेहाच्या संयोगाने बळकट होणारा घडा, चामडे आणि गाड्याचा आस यांची उपमा दिली आहे. ही उपमा ग्रामीण रुग्णास चटकन पटते, असा अनुभव आहे. वंगण घालताना आस कोणी ठोकत नाही, एवढे म्हटले की तालमीतील माणूसही गप्प बसतो.

दुसरे वाक्य फलासंबंधी असावे. पहिल्या दिवशी हलके वाटेल, झोप चांगली लागेल; काहींना अंग जड वाटून किंचित दुखेलही. जुनाट वातव्याधी एका दिवसात जात नाही, हे तेल तापविण्यापूर्वी सांगितलेले बरे. नंतर सांगितले तर ती सबब वाटते.

कोणास तेल लावू नये

अष्टांगहृदयातील दिनचर्याध्यायात कफग्रस्त, शोधन झालेला आणि अजीर्णी यांस अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात सामदोष, तरुणज्वर, अजीर्ण तसेच वमन, विरेचन व निरूह झालेल्यांचा निषेध केला आहे. हे आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. तथापि रोजच्या गर्दीत जीभ पाहणे आणि काल रात्रीच्या जेवणाविषयी विचारणे हेच राहून जाते. आमवाताच्या सुजलेल्या सांध्यास तेल चोळून रुग्ण दुसऱ्या दिवशी अंथरुणास खिळल्याचे उदाहरण बहुतेक वैद्यांच्या संग्रही असेल.

येथे एका गोष्टीवर अधिक थांबणे आवश्यक वाटते. मागील वर्षी पायाचे प्लास्टर काढून आठवडा झालेला एक तरुण, पोटरी आखडली आहे, जरा दाबून द्या, म्हणून आला. मी दुसऱ्या रुग्णात गुंतलो होतो आणि कागदावर ‘स्थानिक अभ्यंग’ लिहून त्यास आत पाठविले. आमच्या परिचारकाने नेहमीप्रमाणे आधी दोन्ही पोटऱ्यांना कोरडा हात लावून पाहिला. एक पोटरी गरम, घट्ट व जाड लागली. त्याने तापविलेले तेल तसेच ठेवले आणि मला बोलाविले. डॉप्लर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. अशा पायाचे मर्दन झाले असते तर गुठळीचा अंश सुटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकण्याचा धोका होता, आणि तो जिवावरचा असतो. माझ्या हातून तपासणीविना लिहिलेला शब्द त्या परिचारकाच्या हाताने अडविला, हे येथे नमूद करणे भाग आहे.

सबब, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला, प्लास्टर निघालेला, लांबचा प्रवास करून आलेला रुग्ण आणि विशेषतः बाळंतीण यांच्यात एकाच पायाची सूज, उष्णता व पोटरीत वेदना असेल तर तपासणी होईपर्यंत त्या पायास हातही चोळू नये. घरी येणाऱ्या मालिशवाल्या बाईंनाही हे सांगितले पाहिजे. बाळंतिणीचे पाय दाबणे हा त्यांचा नित्यक्रम असतो आणि आपल्या आधी त्याच पोहोचलेल्या असतात.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारावे, कारण थोड्या दाबानेही त्वचेखाली रक्त साकळून काळेनिळे डाग पडतात. मधुमेही रुग्णाच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असेल तर तेल किंवा वाफ किती गरम आहे हे तो सांगूच शकत नाही. तेथे परिचारकाच्या हाताचे प्रमाण घ्यावे. तीळ वा अन्य घटकाने पूर्वी अंगावर पित्त उठले होते का, एवढा प्रश्न पुरे.

कक्षात काय घडणार आहे

हा भाग रुग्णास वैद्याने स्वतः सांगावा. स्वागतिकेवर सोपवू नये. साधारण असे सांगता येईल.

जेवण होऊन किमान दोन-तीन तास झालेले असावेत, मलमूत्रविसर्जन उरकलेले असावे. मंगळसूत्र, अंगठ्या, घड्याळ घरी ठेवावे किंवा सोबतच्या व्यक्तीकडे द्यावे. कपडे काढावे लागतील. पुरुषांस लंगोट आणि स्त्रियांस येथील स्वच्छ वस्त्र मिळेल. ज्या भागास तेल लावणे चालू असेल तेवढाच उघडा राहील, बाकी अंगावर चादर असेल. स्त्रियांस स्त्री परिचारिकाच तेल लावील. सोबतची बाई आत बसू शकते. गुह्यभागी तेल लावले जात नाही. स्त्रियांच्या स्तनप्रदेशी तिने स्पष्ट होकार दिल्याखेरीज व वैद्याने लिहिल्याखेरीज हात लावला जात नाही. ही वाक्ये उच्चारताना आपल्यापैकी अनेकांस संकोच वाटतो. तो आपल्या खोलीत वाटून घ्यावा, कारण न बोललेला संकोच आतल्या खोलीत रुग्णाच्या वाट्यास जातो.

तेल कोमट असेल. प्रथम शिर, कर्ण व पाद यांस लावले जाईल. वाग्भटाचार्यांनी या तीन स्थानांचा विशेष उल्लेख केला आहे. त्यानंतर सर्वांग. केरळीय पद्धतीत बसणे, उताणे, कुशीवर, पालथे अशा सात स्थिती घेतल्या जातात. डल्हणाचार्यांनी निबंधसंग्रहात रोममूलापर्यंत स्नेह पोहोचण्यास ३०० मात्रा व पुढे एकेका धातूस शंभर-शंभर वाढवीत मज्जेसाठी ९०० मात्रा काल सांगितला आहे. प्रचलित गणिताने ९०० मात्रा म्हणजे जवळजवळ पाच मिनिटे होतात. सात स्थिती व प्रत्येकी पाच मिनिटे धरल्यास पस्तीस मिनिटांचा हिशेब जमतो. अर्थात हे घड्याळ लावून करावयाचे गणित नव्हे. कृश वृद्धास यातील निम्मा काळही पुरतो आणि पालथे झोपविल्यास त्याचा श्वास कोंडतो.

दाब अधिक वाटला, तेल गरम लागले, थंडी वाजली, लघवीची भावना झाली किंवा नुसते नकोसे वाटले, तरी लगेच बोलावे. कोणी रागावणार नाही, हे आवर्जून सांगावे. आपला रुग्ण, विशेषतः खेड्यातील, परिचारकासही ‘डॉक्टर’ समजून सोसत राहतो. काही रुग्णांस मध्येच रडू येते. अशा वेळी हात थांबवून चादर पांघरावी, प्रश्नांची सरबत्ती करू नये.

पश्चात्कर्मात सर्वांत मोठा धोका शास्त्रीय नसून फरशीचा आहे. तेलकट तळव्यांनी उतरलेला वृद्ध न्हाणीघरात घसरला, तर वातव्याधीची चिकित्सा अस्थिभग्नाच्या चिकित्सेत बदलते. तळवे आधी पुसावेत, उतरताना हात धरावा, न्हाणीघरात खरखरीत पायपुसणे असावे. स्वेदन झालेले असल्यास अर्धा तास विश्रांती, नंतर कोमट पाण्याने स्नान. तेल काढण्यास मसुराचे वा हरभऱ्याचे पीठ चालते. लगेच दुचाकीवरून वाऱ्यात जाऊ नये. हे शेवटचे आदल्या दिवशीच सांगावे लागते, अन्यथा रुग्ण दुचाकीवरच आलेला असतो.

त्या शेतकरी बाई पुन्हा उपचारास आल्या. या वेळी आमच्या परिचारिकेने त्यांना आधी रिकामा कक्ष दाखविला, चादर हातात दिली, दाराची कडी आतून लागते हे दाखविले. सून आत बसली. सात दिवस पूर्ण झाले, पुढे बस्तीही झाले. वेदना पूर्ण गेली नाही, परंतु भांगलणीस बसता येऊ लागले.

औषधी विक्रेत्यांसाठी

ज्या रुग्णास कक्षात येणे शक्य नाही, तो तेलाची बाटली घेऊन घरी जातो. तेथे परिचारकाची जागा दुकानदार घेतो. त्याने बोललेली दोन वाक्येच रुग्णास मिळतात.

तेल थेट गॅसवर तापवू नये, वाटी गरम पाण्यात ठेवावी, हे प्रत्येकास सांगावे. गॅसवर ते किती तापले याचा अंदाज येत नाही आणि भाजल्यावर दोष औषधास लागतो. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दुसऱ्या दिवशीपर्यंत वाट पाहावी. जखम, चिघळलेला इसब, ताजा मुरगळलेला सुजरा सांधा यांवर चोळू नये. १०० मिलीची बाटली सर्वांगास दोन-तीन वेळांहून अधिक पुरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. चमचाभर तेल अंगभर पुसून ‘गुण नाही’ म्हणणारे रुग्ण आपण पाहतोच.

विषगर्भ तेलाविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. त्यात वत्सनाभ व धत्तूर यांसारखी विषद्रव्ये असतात. ते केवळ बाह्योपयोगासाठी, अखंड त्वचेवर व मर्यादित भागी वापरावयाचे आहे. लावणाऱ्याने नंतर साबणाने हात धुवावेत, डोळ्यांस लागू देऊ नये, बाटली मुलांच्या हाती येणार नाही अशी ठेवावी. अर्भकाच्या मालिशसाठी ते मागणारे गिऱ्हाईक क्वचित येते. तेव्हा बाटली काउंटरवर न ठेवता ‘बाळासाठी आहे का?’ असे आधी विचारावे. क्षीरबलेच्या आवर्तित तेलाचे थेंब पोटात घ्यावयाचे असतात आणि साधे क्षीरबला तेल अंगास लावावयाचे असते. दोन्ही बाटल्या एकाच पिशवीतून जात असतील तर प्रत्येकीवर ‘पोटात’ किंवा ‘अंगाला’ असे जाड पेनाने मराठीत लिहून द्यावे. छापील चिठ्ठी लहान अक्षरात असते आणि तेल लावणाऱ्या आजींचा चष्मा सहसा देवघरात राहिलेला असतो.