सातबाऱ्यावर बाईचं नाव

सप्टेंबर १९४८ मध्ये पॅरिसला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबाद संस्थानाचं प्रकरण आलं, तेव्हा नांदेड आणि लातूर दोन्हीकडे निजामाचा अंमल होता. तक्रारही निजामानेच नेली होती. तिच्यावर धड चर्चा होण्याआधीच इकडे १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रं खाली ठेवली आणि मराठवाडा मोकळा झाला. त्याच पॅरिसमध्ये १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात फक्त पुरुषांचा उल्लेख होता. तिथे सर्व माणसांचा उल्लेख हवा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तडीस नेला. मराठवाड्यात त्या सप्टेंबरचा झेंडा दर वर्षी फडकतो. त्या डिसेंबरची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतं.

मला ती काढावीशी वाटते. पुढच्या पाऊणशे वर्षांत बाईच्या हक्कांसाठी जगाने पुष्कळ ठराव केले. ते आपल्या गावापर्यंत पोचले की नाही हे पाहायला माझ्या मते एकच खूण पुरते: गावच्या दप्तरात बाईचं नाव कुठे चढलं आणि ते टिकलं का.

मतदार यादीत ते पहिल्या निवडणुकीपासून आलं. पण ज्या कागदावर दाम मिळतो, त्या कागदावर ते मोठ्या संख्येने आलं १९७२ च्या दुष्काळात. घरोघरच्या बायका खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला गेल्या आणि हजेरीपटावर त्यांची नावं लागली. समान कामाला समान वेतन देण्याचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार भारताने १९५८ मध्येच मान्य केला होता, पण कायद्यासाठी १९७५ चं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष उजाडावं लागलं. मेक्सिकोत पहिली जागतिक महिला परिषद झाली त्याच वर्षी आपल्याकडे समान वेतनाचा वटहुकूम निघाला. रोजगार हमीच्या कामावर दर ठरायचा तो कामाच्या मोजमापावर. माती बाईने उपसली की गड्याने, याने त्यात फरक पडत नव्हता. शेतात मात्र खुरपणाऱ्या बाईच्या आणि गड्याच्या मजुरीत अजूनही अंतर आहे, आणि तिथे हजेरीपटही नाही.

स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याचा करार संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९७९ रोजी केला. सगळे त्याला ‘सीडॉ’ म्हणतात. भारताने १९८० मध्ये सही केली, पण तो बंधनकारक मानायला ९ जुलै १९९३ पर्यंत वेळ घेतला. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते आणि नांदेडच्या खासदार होत्या सूर्यकांता पाटील. मान्यता देताना भारताने काही गोष्टींत हात आखडता घेतला. कोणत्याही समाजाच्या व्यक्तिगत कायद्यात त्या समाजाने पुढाकार घेऊन संमती दिल्याशिवाय आपण हात घालणार नाही, असं लिहून दिलं. लग्नाची नोंदणी सक्तीची करण्याचं तत्त्व पटतं, पण इतक्या मोठ्या, इतक्या चालीरीतींच्या आणि साक्षरतेत मागे असलेल्या देशात ते व्यवहार्य नाही, असंही नोंदवलं. या दुसऱ्या मुद्द्याची किंमत मराठवाड्याच्या मुली आजपर्यंत मोजत आहेत.

या मान्यतेला तीन महिनेही झाले नव्हते. गणेश विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने किल्लारी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात हजारो माणसं गेली. जीव घेतला तो घरांनीच. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जडशीळ माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं.

पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जातून उभं राहिलं. पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसवायची होती आणि त्यापलीकडे हजारावर गावांत पडझड झालेली घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती. दुसऱ्या कामात पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने येणार होते आणि काम त्यानेच करून घ्यायचं होतं. लोकांचा सहभाग सांभाळण्याची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. ज्या बाईने तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती आता घरोघर जाऊन पाहू लागली की भिंतीच्या कोपऱ्यात उभी सळई घातली आहे का, दारा-खिडक्यांवरून काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींना सलग फिरला आहे का, गवंडी सिमेंटला वाळू किती घेतोय, बांधकामावर पाणी मारलं जातंय का. अभियंत्याशी ती या गोष्टींवर बोलायची आणि हप्ता अडला तर त्याची चौकशी करायची.

सीडॉच्या चौदाव्या कलमात ग्रामीण बाईला विकासाच्या आखणीत सहभागी होण्याचा हक्क दिलेला आहे. किल्लारीच्या परिसरातल्या बायकांनी ते कलम न वाचता अमलात आणलं. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच बायका तिकडे गेल्या, तुर्कस्तानातल्या भूकंपग्रस्त बायकांशीही त्यांच्या गाठीभेटी झाल्या. २०१६ मध्ये ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आंतरराष्ट्रीय प्रयत्न म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्क आणि जिनिव्हा आठवतं. लातूर-धाराशिवच्या बायकांनी जगाला काही शिकवलं, हे आपण आपल्या मुलींना सांगायला हवं.

घर बांधण्यात बाईचा हात लागला, पण त्यावर तिचं नाव लागणं ही वेगळी लढाई. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला. १९९२ मध्ये शासनाने सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायला वाट करून दिली. २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत दोघांची नावं असावीत असा निर्णय झाला. पण ही सगळी बायकोची नावं, आणि तीही नवऱ्याच्या मर्जीवर. मुलीच्या हक्काला महाराष्ट्राने २२ जून १९९४ रोजी हात घातला. त्या दिवशी राज्याचं पहिलं महिला धोरण जाहीर झालं आणि त्याच तारखेपासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने वाटेकरी झाली. पुढच्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक परिषदेत मुलींच्या वारसाहक्कावर वाद झडले. महाराष्ट्र तेव्हा एक पाऊल पुढे होता.

त्या कायद्यात एक अट होती. २२ जून १९९४ पूर्वी जिचं लग्न झालं तिला हिस्सा नाही. म्हणजे त्या वर्षीच्या मे महिन्यात बोहल्यावर चढलेली थोरली वाऱ्यावर आणि दोन वर्षांनी लग्न झालेली धाकटी वाटेकरी. ही अट २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने गेली, आणि २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितलं.

आता कायद्यात खोट नाही. खोट शिरते ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. वडील गेले की तलाठी वारसांची नोंद घेतो, फेरफार होतो, सातबाऱ्यावर आईसकट सगळ्या भावंडांची नावं चढतात. कर्ज काढायचं असतं किंवा जमीन विकायची असते, म्हणून भाऊ बहिणींना गाडी करून तालुक्याला आणतात. वकिलाने हक्कसोडपत्र टाइप करून ठेवलेलं असतं आणि त्यात ‘स्वखुशीने, कोणत्याही दडपणाविना’ हे शब्द आधीच असतात. यंत्रावर अंगठा, कॅमेऱ्यापुढे फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि काम झालं. पुढच्या फेरफारात बहिणींची नावं जातात. मागे भाऊ साडी देतो, दिवाळीला बोलावतो. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती तिला असते, आणि ती खोटी नसते, कारण तिने तुटलेली माहेरं पाहिलेली असतात. सही करणाऱ्या बहिणीला बोल लावायला माझं मन धजत नाही. पण तिला भावांपासून बाजूला घेऊन, हिश्श्याची जमीन किती आणि आजच्या दराने तिची किंमत किती, एवढं तरी सरकारी माणसाने तिच्या भाषेत सांगावं असा नियम करायला कोणती अडचण आहे?

लग्नाच्या नोंदणीचंही तसंच. भारताने जगाला अव्यवहार्य म्हणून सांगितलेली गोष्ट महाराष्ट्राने १९९८ च्या कायद्याने केली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर सक्तीची करायला सांगताना सीडॉचाच दाखला दिला. गावात लग्नाची नोंद करणारा ग्रामसेवक, आणि बालविवाह रोखण्याची जबाबदारीही त्याचीच. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांत बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं, आणि नांदेडला लागून असलेल्या परभणीत अठ्ठेचाळीस जणींचं. नोंद न होणाऱ्या लग्नात वधूचं वय कोणीच विचारत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय नुसती नोंदवही पुरणार नाही, हेही खरं.

देशात दाद मिळाली नाही तर बाईने थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करावी, अशी सोय सीडॉच्या १९९९ च्या पूरक करारात आहे. भारत त्यात सामील झालेला नाही. त्यामुळे नांदेड-लातूरच्या बाईचा शेवटचा दरवाजा दिल्लीतच.

आज सगळ्यात निकडीची गोष्ट आहे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांची. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या पाचशेवर अशा बायकांची पाहणी केली. त्यांतल्या चाळीस टक्के जणींच्या नावावर शेतजमीन आलेलीच नव्हती. सासरे किंवा दीर जमीन आपल्या नावे ठेवतात, आणि नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, अनुदान नाही. जून २०१९ मध्ये शासनाने निर्णय काढून या बायकांची वारस नोंद, स्वतंत्र रेशनकार्ड आणि पेन्शन यांची जबाबदारी प्रशासनावर टाकली. निर्णय निघाला तरी मृत्यूचा दाखला, वारस प्रतिज्ञापत्र आणि जुन्या फेरफाराची नक्कल तिलाच जमवावी लागते. गावात एकल महिला संघटनेची कार्यकर्ती असेल तर ती बरोबर जाते. नसेल तर लेकरू काखेत घेऊन ती एकटी तलाठ्याकडे जाते, आणि सासऱ्याने हरकत घेतली असेल तर प्रकरण मंडळ अधिकाऱ्यापुढे तारखांवर चालतं.