घोळ माशाचा बोत आणि आपली कातडी

ऑगस्ट २०२१ मध्ये दांडीजवळच्या मुरबे गावातील एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले. त्यांचा सौदा १ कोटी ३३ लाख रुपयांना झाला, अशा बातम्या देशभर छापून आल्या. एवढा भाव मांसाचा नव्हता. तो माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीचा, म्हणजे बोताचा होता. बोत बहुतांशी कोलॅजेनचा बनलेला असतो. हेच कोलॅजेन आता पावडर, गोळ्या आणि क्रीमच्या रूपाने ‘तरुण त्वचे’चे औषध म्हणून बाजारात विकले जाते. हा माल घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, दोघांनीही नीट पारखावा.

आम्ही कापडाचे व्यापारी, म्हणून कापडाच्या भाषेत सांगतो. कोलॅजेन हा कातडीच्या आतल्या थराचा धागा आहे. त्याचा तीन पदरी पीळ १९५४ मध्ये मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी उलगडून दाखवला. चामडे कमावणारा कारागीर हाच धागा पक्का करीत असतो. तारुण्य ओसरले की हा धागा दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटतो. स्त्रियांची पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांतच जवळजवळ ३० टक्के कमी होतो.

ही झाली वयाची झीज. दुसरी झीज उन्हाची, आणि ती आपल्या हातची आहे. शोकेसमधल्या ठाणाचा रंग काचेआडूनही उडतो, तसेच कातडीचे होते. २८ वर्षे मालाचा ट्रक चालवणाऱ्या एका अमेरिकन ड्रायव्हरचा फोटो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. खिडकीकडचा गाल सुरकुत्यांनी भरलेला, दुसरा त्या मानाने तुकतुकीत! दांडीच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायका, बोईसरचे टेम्पोवाले आणि फेरीवाले यांनी हे ध्यानात घ्यावे.

उपाय साधे आहेत. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कापड ऊन अडवते. विरळ मलमल तेवढे अडवत नाही. उघड्या भागावर सनस्क्रीन लावावे. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते रोज लावणाऱ्यांची त्वचा साडेचार वर्षांत २४ टक्के कमी जून झाली. विडी-सिगारेट सोडावी. आवळा, पेरू, लिंबू खावे, कारण क जीवनसत्त्वाशिवाय हा धागा बनत नाही.

क्रीममधले कोलॅजेन आकाराने मोठे असल्याने कातडीत शिरत नाही. वरवर ओलावा धरते इतकेच. पावडरीबद्दल २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२५ मध्ये आला. ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता, त्यांत फायदा दिसला नाही. शिवाय हा माल गाय, डुक्कर किंवा मासा यांपैकी कशापासूनही बनतो. डब्यावरची तपकिरी खूण तो मांसाहारी आहे एवढेच सांगते, जनावर सांगत नाही. हलाल पाहणाऱ्याने मूळ विचारूनच घ्यावा.

दुकानदार बांधवांना एक विनंती. स्टिरॉइडची क्रीमे गोरेपणासाठी देऊ नयेत. ती कातडी पातळ करतात, आणि २०१८ पासून अशी अनेक क्रीमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा बिघडवून मिळालेल्या नफ्यात बरकत नसते.