एबीएसचा दिवा विझवू नका, दोष काढा

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण मोटारसायकल दुरुस्ती, पंक्चर आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात आहेत. १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींना सरकारने एबीएस ब्रेक सक्तीचे केले. नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून चालू असलेल्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून हा नियम लागू झाला. तेव्हाच्या गाड्या आता वॉरंटी संपून आपल्या गॅरेजमध्ये येत आहेत. त्यांच्या मीटरवर पिवळा एबीएस दिवा पेटलेला दिसला की काही कारागीर गोंधळतात, तर काही जण त्यावर काळी पट्टी चिकटवून मोकळे होतात. म्हणून ही माहिती.

एबीएस काय करते?

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जागीच जाम झाले की गाडी घसरते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर हा धोका अधिक. चाकाबरोबर खाचांची एक चकती फिरते आणि तिच्याजवळ बसवलेला सेन्सर चाकाची गती मोजतो. चाक जाम होऊ लागले की एबीएसचा पंप ब्रेकचा दाब सेकंदाला कित्येक वेळा सोडतो व पुन्हा धरतो. त्यामुळे चाक फिरत राहते आणि हँडल ताब्यात राहते.

चावी फिरवली की दिवा पेटतो आणि गाडी थोडी चालल्यावर विझतो. ही यंत्रणेची स्वतःची तपासणी असते, तो दोष नव्हे. गाडी चालू लागल्यावरही दिवा राहिला, किंवा चालता चालता पेटला, तर एबीएस बंद पडले असे समजावे. अशा वेळी साधा ब्रेक बहुधा लागतो, पण चाक जाम होण्यापासून संरक्षण राहत नाही. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगून गाडी सावकाश चालवण्यास बजावावे. ब्रेक मऊ लागत असेल किंवा ब्रेक ऑइल कमी झाले असेल, तर गाडी चालवूच देऊ नये.

तपासणीचा क्रम

१. गाडी मेन स्टँडवर असताना इंजिनाने मागचे चाक फिरवले होते काय, हे विचारावे. दोन्ही चाकांना सेन्सर असलेल्या गाडीत एकच चाक फिरले तरी दिवा पेटू शकतो. चावी बंद करून पुन्हा चालू करावी व गाडी थोडी चालवून पाहावी.

२. बॅटरी मोजावी. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरी कमजोर असली तरी दिवा पेटतो. त्यानंतर एबीएसचे फ्यूज पाहावेत. नवा फ्यूज तितक्याच अँपियरचा असावा.

३. सेन्सर व चकती पाहावी. चिखल आणि लोखंडाचा बारीक कीस सेन्सरला चिकटतो. तो मऊ ब्रशने व कापडाने पुसावा. टायर बदलताना चकती वाकली काय, सेन्सरचा स्क्रू सैल राहिला काय, हे तपासावे. दोघांमधील फट जेमतेम मिलिमीटरभर असते. पंक्चर काढणाऱ्या भावांनी चाक खोलताना येथे खास जपावे.

४. सेन्सरची वायर फोर्कजवळ घासली किंवा तुटली आहे काय, कनेक्टरमध्ये पाणी गेले आहे काय, हे पाहावे.

५. एवढे करूनही दिवा राहिला तर स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचावा. स्कॅनर नसेल तर तो असलेल्या गॅरेजकडे गाडी पाठवावी. कोड न वाचता महागडे एबीएस युनिट बदलायला सांगू नये. युनिट उघडण्याचा प्रयत्नही करू नये.

ब्रेक ऑइल टाकताना टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट क्रमांकाचेच वापरावे. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे.

प्रश्न अमानतीचा

गिऱ्हाईक गाडी आपल्या हवाली करते तेव्हा ती आपल्याकडे अमानत असते. दिवा झाकून किंवा त्याची वायर दुसरीकडे जोडून मजुरी घेणे म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे घेणे होय. नुसता चिखल पुसून दिवा गेला असेल, तर पुसण्याचीच मजुरी घ्यावी. त्यात आजची कमाई थोडी कमी होईल, पण तेच गिऱ्हाईक आणखी चारजण घेऊन येईल.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनीही सावध राहावे. गाडी घेताना चावी फिरवून दिवा मुळात पेटतो काय, हे आधी पाहावे. पेटतच नसेल तर तो कोणी तरी बंद केला असण्याची शक्यता आहे. आणि विकताना एबीएस नादुरुस्त असेल तर तसे सांगूनच विकावे. मालातील ऐब लपवणे आपल्याकडे जायज नाही. शिवाय हा ऐब कापडातील डागासारखा नाही. भरपावसात, मागे बायको-मुले बसलेली असताना, ब्रेक दाबणाऱ्याच्या जिवाशी त्याची गाठ आहे.